डोंगरउतारावरून आकाशांत

चैत्र-वैशाखांतल्या दुपारीं गच्चीवर उभें राहून वर पाहिलें, तर एखादी घार शहरावर संथपणें घिरट्या घालतांना दिसते. तिचे पंख पसरलेले असतात, पण ते हलत नाहींत. एक वर्तुळ पुरें होतें, दुसरें सुरू होतें, आणि दर वर्तुळागणिक ती थोडी थोडी वर जाते; शेवटीं ती एक काळा ठिपका होऊन राहते. लहानपणापासून पाहिलेल्या या दृश्याचें कोणाला नवल वाटत नाहीं. परंतु क्षणभर विचार केला, तर त्यासारखें नवल नाहीं. दगड खालीं पडतो, पान खालीं पडतें, वल्हें मारल्यावांचून नाव प्रवाहाविरुद्ध जात नाहीं. मग पंख न मारतां ही घार वर कशी जाते?

या प्रश्नाचें उत्तर असें कीं, घारही खालींच येत असते. पसरलेल्या पंखांवर ती हवेंतून पुढें सरकते आणि सरकतांना हळूहळू उतरत असते. मात्र ज्या हवेंतून ती उतरते, ती हवाच वर चढत असते, आणि तिच्या चढण्याचा वेग घारीच्या उतरण्याच्या वेगाहून अधिक असतो. वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर एखादें मूल खेळ म्हणून सावकाश पायऱ्या उतरूं लागलें, तरी तें वरच्या मजल्याकडेच जातें. घारीचा प्रकार तसाच आहे. हवा अशी वर चढण्याचीं मुख्य कारणें दोन. वारा डोंगरावर आदळला म्हणजे त्याला वाट काढण्यासाठीं वर वळावें लागतें. ही पहिल्या प्रकारची चढती हवा. आणि उन्हानें तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन स्तंभासारखी वर उठते. ही दुसऱ्या प्रकारची. हिला ‘थर्मल’ असें म्हणतात, व उडणाऱ्यांच्या बोलण्यांत सर्वत्र तोच शब्द रूढ आहे.

मनुष्यापाशीं घारीचें बळ नाहीं. पंख मारून जमिनीवरून उठणें त्याला साधत नाहीं. पण तो डोंगर चढूं शकतो. उतारावरून समोरच्या वाऱ्यांत धावत सुटलें, म्हणजे उंची, वेग आणि वारा हीं तिन्ही एकाच जागीं मिळतात, आणि दहा-वीस पावलांत जमीनच पायांखालून दूर होते. म्हणून मनुष्याच्या पंखांचा खरा इतिहास टेकडीवर सुरू झाला, आणि आज हँग-ग्लायडर किंवा पॅराग्लायडर घेऊन उडणारेही बहुधा आधीं डोंगरच चढतात.

या इतिहासांतील पहिलें मोठें नांव ऑटो लिलियेन्थाल यांचें. त्यांचा जन्म १८४८ सालीं प्रशियांतील आंक्लाम या गांवीं झाला. गांवाभोवतालच्या कुरणांत करकोचे उतरत. ऑटो आणि त्यांचे धाकटे बंधु गुस्टाव त्यांच्याकडे पाहत बसत. करकोचा उडतांना वाऱ्याकडे पाठ न करतां त्याच्याकडे तोंड करून धांवतो, ही गोष्ट त्या मुलांच्या नजरेंतून सुटली नाहीं. शाळकरी वयांतच त्यांनीं स्वतःसाठीं पंख तयार केले, आणि सोबत्यांनीं हंसूं नये म्हणून त्यांची परीक्षा रात्रीं घेतली. पंखांनीं त्यांना उचललें नाहीं. पण नाद सुटला नाहीं.

पुढें ऑटो इंजिनियर झाले व त्यांनीं बर्लिन येथें बाष्पयंत्रांचा कारखाना काढला. संसार आणि धंदा सांभाळून त्यांनीं वर्षानुवर्षें निरनिराळ्या आकारांचे पृष्ठभाग फिरत्या दांड्यावर बसवून हवा त्यांना किती उचलते याचीं मोजमापें घेतलीं. सपाट पृष्ठभागापेक्षां पक्ष्याच्या पंखासारखा किंचित् कमानदार पृष्ठभाग पुष्कळच अधिक उचलला जातो, हें त्यांनीं आंकड्यांनीं दाखविलें, आणि १८८९ सालीं पक्ष्यांच्या उड्डाणासंबंधींचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ फारसा खपला नाहीं. तेव्हां ग्रंथांत लिहिलेलें खरें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं ते स्वतःच पंख घेऊन उतारावर उभे राहिले.

१८९१ सालीं पॉट्सडॅमजवळच्या डेरविट्स येथें त्यांचीं पहिलीं उड्डाणें झालीं. अंतर सुमारें २५ मीटर. म्हणजे एखाद्या वाड्याच्या लांबीएवढें. त्यांचा पंख विलो झाडाच्या लवचिक काठ्यांचा व सुती कापडाचा असे, आणि त्याचें वजन सुमारें २० किलो भरे. १८९४ सालीं बर्लिनच्या लिख्टरफेल्ड या उपनगरांत त्यांनीं १५ मीटर उंचीची एक कृत्रिम टेकडीच उभारली. ती चोहोंकडून सारखी उतरती होती. वारा कोणत्या दिशेनें येईल याचा भरंवसा नसतो. तो येईल त्या दिशेस तोंड करून धांवतां यावें, एवढाच तिचा हेतु. मोठ्या उड्डाणांसाठीं ते रिनो गांवानजीकच्या टेकड्यांवर जात. तेथें त्यांनीं २५० मीटरपर्यंत मजल मारली. त्यांच्या उड्डाणांचीं छायाचित्रें देशोदेशींच्या नियतकालिकांत छापलीं गेलीं, आणि मनुष्य पंखांवर हवेंत तरंगतो ही गोष्ट लोकांनीं डोळ्यांनीं पाहिली. एकंदर सुमारें २,००० उड्डाणें त्यांनीं केलीं. इतक्या उड्डाणांत ते हवेंत राहिले तो सारा काळ एकत्र केला, तर तो पांच तासांच्या आसपासच भरतो. पांच वर्षांच्या तपश्चर्येचे हे पांच तास.

९ ऑगस्ट १८९६ हा रविवार होता. ष्टोलन गांवाजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवरून लिलियेन्थाल उडाले. हवा उबदार होती. उड्डाण चाललें असतां उष्ण हवेची एक उसळी आली, पंखाचा पुढचा कांठ वर उचलला गेला, आणि पंख जागच्या जागीं थबकला. सुमारें १५ मीटर उंचीवरून ते खालीं आले. मानेचा कणा मोडला होता. त्यांना बर्लिनला नेण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं, १० ऑगस्ट रोजीं, त्यांचा अंत झाला. वय अवघें ४८.

या मृत्यूचें कारण नीट समजून घेणें जरूर आहे, कारण पुढचा सर्व इतिहास त्या कारणाभोवतीं फिरतो. पंखावरून हवा वाहत असते तोंवरच पंख पंख असतो. त्याचा पुढचा कांठ फार वर झाला, तर वरच्या अंगाची हवा पंखाला धरून वाहत नाहीं. ती सुटते, आणि ज्या कापडानें आतांपर्यंत तोलून धरलें तेंच कापड निव्वळ ओझें होतें. यावर उपाय एकच: शरीराचें वजन तत्काळ पुढें टाकून पंखाचें नाक खालीं करणें, म्हणजे वेग येतो आणि हवा पुन्हां पकड घेते. लिलियेन्थाल यांना हें ठाऊक होतें. पण त्यांचा पंख कांखेंत व कोपरांवर अडकविलेला असे. हलविण्यास मोकळे राहत ते फक्त पाय आणि कमरेखालचा भाग. तेवढें वजन त्या क्षणीं पुरें पडलें नाहीं, आणि सांवरण्यास लागणारी उंचीही खालीं नव्हती. विशेष हें कीं, जर्मनींतील अंतराळ व विमानविद्येच्या राष्ट्रीय केंद्रानें अलीकडे त्यांच्या पंखाची हुबेहूब प्रतिकृति करून ती पवनबोगद्यांत तपासली, तेव्हां पंख स्वभावतः स्थिर असल्याचें आढळून आलें. पंखांत खोट नव्हती. माणूस त्याला ज्या रीतीनें जोडला होता, ती रीत अपुरी होती.

लिलियेन्थाल यांच्या मृत्यूची वार्ता अमेरिकेंत राइट बंधूंनीं वाचली, आणि त्यांची जुनी जिज्ञासा जागी झाली. त्यांनींही आरंभ वाळूच्या टेकड्यांवरून केला. पण वजन हलविण्याऐवजीं पंखालाच पीळ देऊन तोल राखण्याची युक्ति त्यांनीं योजिली. १९०३ सालीं त्यांचें यंत्र स्वतःच्या बळावर उडालें. त्यानंतर जगाचें लक्ष यंत्राकडे गेलें आणि टेकडीवरून धांवत सुटणारा मनुष्य जवळजवळ साठ वर्षें विस्मृतींत पडला.

त्याला परत आणलें तें दोन निरनिराळ्या वाटांनीं. फ्रान्सिस रोगॅलो हे अमेरिकेंतील सरकारी विमानसंशोधन संस्थेंत इंजिनियर होते. १९४८ सालीं त्यांनीं व त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनीं घरच्या घरीं एक पतंग केला. त्याला काठ्यांचा सांगाडा नव्हता, वारा भरला म्हणजेच त्याला आकार येई. त्यासाठीं गर्ट्रूडबाईंनीं स्वयंपाकघरांतल्या पडद्याचें कापड वापरलें होतें. १९६३ सालीं ऑस्ट्रेलियांतील ग्रॅफ्टन गांवीं जॉन डिकन्सन यांनीं रोगॅलो यांच्या या कल्पनेवरून एक पंख बनविला, व केळीच्या घडांवर घालण्याच्या प्लॅस्टिकचें त्याला शीड केलें. हा पंख नौकेमागें दोरानें ओढून उडविला गेला. त्यांतली खरी करामत शिडांत नव्हती. डिकन्सन यांनीं माणसाला पंखाच्या मध्यबिंदूपासून एका पट्ट्यानें सबंध टांगलें, आणि त्याच्या हातांत एक त्रिकोणी दांडी दिली. आतां हातांनीं दांडी ओढली कीं सारें शरीर पुढें जाई, ढकलली कीं मागें. लिलियेन्थाल यांना जें पायांनीं झोके देऊन साधावें लागे, तें आतां संपूर्ण देहाच्या वजनानें होऊं लागलें. गोलेनबर्गच्या टेकडीवर जें उणें पडलें होतें, तें ६७ वर्षांनीं भरून निघालें. आजचा हँग-ग्लायडर तो हाच.

दुसरी वाट हवाई छत्रीची. डोमिना जाल्बर्ट यांनीं १९६४ च्या सुमारास अशी छत्री शोधून काढली कीं, जिच्यांत कापडाचे दोन थर असून त्यांमध्यें कप्पे असतात; पुढच्या तोंडांतून वारा शिरला म्हणजे कप्पे फुगतात आणि नुसत्या कापडाला पंखाचा आकार येतो. १९७८ च्या जून महिन्यांत फ्रान्समधील आल्प्स पर्वतांत, मिउसी या गांवीं, तीन छत्रीधारकांना एक व्यावहारिक विचार सुचला. नेमक्या जागीं उतरण्याचा सराव करावयाचा, तर दर वेळीं विमानाचें भाडें कशाला भरावें? त्यांनीं डोंगरउतारावर छत्र्या पसरल्या, वाऱ्यांत धांव घेतली आणि ते दरींत तरंगत उतरले. काटकसरींतून निघालेल्या या युक्तींतून पॅराग्लायडिंगचा जन्म झाला. आजच्या पॅराग्लायडरचें क्षेत्रफळ सुमारें २५ चौरस मीटर असलें, तरी वजन बहुधा पांच-सहा किलोच भरतें. घडी घालून पाठीवरच्या पिशवींत तो मावतो. स्थिर हवेंत तो एक मीटर खालीं येईपर्यंत आठ-दहा मीटर पुढें जातो. घारीप्रमाणें चढती हवा सांपडली, तर मात्र तो तासन्‌तास आकाशांत राहूं शकतो.

भारतांत या खेळाचें सर्वांत नांवाजलेलें स्थान म्हणजे हिमाचल प्रदेशांतील कांगडा जिल्ह्यांतलें बीर-बिलिंग. बिलिंग हें सुमारें २,४०० मीटर उंचीवरचें गवताळ उतरणीचें मैदान. तेथून पंख पसरावयाचे, आणि खालीं, रस्त्यानें १४ किलोमीटरवर असलेल्या बीर गांवीं उतरावयाचें. पाठीशीं धौलाधारची रांग आहे. तिचे दक्षिणेकडील उतार दिवसभर ऊन खातात व त्यांवरून थर्मल उठतात. म्हणून तेथें डोंगराच्या कडेकडेनें दूरवर जातां येतें. २०१५ सालीं जागतिक चषकाची स्पर्धा तेथें भरली होती. महाराष्ट्रांत पुणें-लोणावळें मार्गावरील कामशेतच्या परिसरांत, मावळांतल्या टेकड्यांवर, या विद्येच्या शाळा चालतात. उंची हिमालयाच्या मानानें थोडी. पण नवशिक्यांस तीच सोयीची. पावसाळा सरला, गवत पिवळें पडूं लागलें, कीं तेथें रंगीत पंख दिसूं लागतात.

अशा स्थानीं प्रथमच जाणाऱ्यास एका गोष्टीचें आश्चर्य वाटतें. उडावयास आलेले लोक उडत नसतात. ते बसलेले असतात. कोणी गवताचीं पातीं हवेंत उधळून तीं कोठें जातात तें पाहतो, कोणी काठीवरच्या कापडी नळीकडे डोळे लावून असतो, कोणी समोरच्या दरींत घार कोठें चढते याचा शोध घेतो. सकाळीं थंड हवा डोंगरावरून खालीं वाहते. तेव्हां उडणें व्यर्थ. ऊन तापलें म्हणजे वारा उतारावरून वर येऊं लागतो. तो समोरून आला पाहिजे, मंद पण अखंड आला पाहिजे. डोंगराच्या मागून वारा येत असेल, तर पुढच्या अंगाला त्याचे भोवरे पडतात. वरून तें स्थान कितीही शांत भासो, तेथें पंख पसरणें म्हणजे धबधब्याच्या पायथ्याशीं नाव सोडणें होय. भर दुपारीं थर्मल उग्र होतात. अनुभवीजन तेव्हां उडतात, नवशिके थांबतात. उन्हें उतरल्यावर हवा पुन्हां निवळते.

मग तो क्षण येतो. पंख गवतावर पसरलेला असतो, दोऱ्या उलगडून पाहिलेल्या असतात, शिरस्त्राण व पट्टे आवळलेले असतात, आणि अडचणीच्या वेळीं उघडावयाची दुसरी छत्री जागेवर असते. पुढच्या दोऱ्या ओढतांच कापड सळसळत उभें राहतें आणि डोक्यावर येतें. उडणारा वर पाहून खात्री करतो, धांवूं लागतो. पांचव्या-सातव्या पावलाला पाऊल जमिनीऐवजीं हवेंत पडतें. आरडाओरडा नाहीं, यंत्राची घरघर नाहीं. दोऱ्यांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा बारीक आवाज तेवढा राहतो.

या सुखाची किंमत काय, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. फेब्रुवारी २००७ मध्यें ऑस्ट्रेलियांतील मॅनिला या गांवीं जागतिक स्पर्धेपूर्वीचा सराव चालू होता. जवळच्या माउंट बोराह या डोंगरावरून उडालेल्या जर्मन संघांतील एव्हा विस्निएर्स्का यांना दोन वादळी ढगांनीं मध्यें गांठलें. ढगाच्या पोटांतील चढत्या हवेनें त्यांना खेंचून ९,९४६ मीटरपर्यंत, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर, नेलें. गारा, कडाक्याची थंडी आणि विरळ हवा यांमुळें त्या बराच वेळ बेशुद्ध होत्या. पंख मात्र आपोआप उडत राहिला. खालीं येतांना शुद्ध आली व त्या सुखरूप उतरल्या. त्याच वादळांत सांपडलेला एक चिनी स्पर्धक परत आला नाहीं. एकाच आकाशांत, एकाच दुपारीं, एकाला जीवदान व दुसऱ्याला मृत्यु. यांत कौशल्याचा भाग थोडा होता. जें कौशल्य उपयोगीं पडलें असतें, तें ढग वाढत असतां वेळींच खालीं उतरण्याचें.

धोका नेहमीं ढगांतच असतो असेंही नाहीं. २०१८ सालीं स्वित्झर्लंडमध्यें हँग-ग्लायडरवरून हौसेनें उडावयास गेलेल्या एका प्रवाशाचा पट्टा पंखाला अडकविण्याचेंच चालक विसरला. उतार संपला तेव्हां प्रवासी नुसत्या हातांनीं लटकत होता. दोन मिनिटांहून अधिक काळ त्यानें पकड सोडली नाहीं, आणि मनगट मोडण्यावर व दंडाच्या दुखापतीवर निभावलें. वारा उत्तम होता, पंख उत्तम होता. राहिली होती ती एक कडी.

आज बीरला किंवा कामशेतला जाणारे बहुसंख्य लोक स्वतः उडत नाहींत. ते चालकाच्या पुढें बसून दोघांच्या पंखावरून फेरी मारतात. सुशिक्षित घरांतील मुलेंमुली सुटींत तेथें जातात, आणि घरची मंडळी काळजींत असतात. नुसती काळजी किंवा सरसकट बंदी यांपेक्षां चार प्रश्न शिकवून पाठविणें अधिक उपयोगाचें. चालकाजवळ परवाना आहे काय? दुसरी छत्री बांधलेली आहे काय? मांड्यांचे पट्टे आणि छातीचा पट्टा लागले आहेत, हें चालकानें हात लावून पाहिलें काय? आणि त्याच वेळीं इतर अनुभवी लोक उडत आहेत, कीं पंख गुंडाळून बसले आहेत? हिमाचलांत जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उड्डाणांस सरकारी बंदी असते. त्या काळांत कोणी उडविण्यास तयार झाला, तर तेवढ्यावरूनच त्याची पारख झाली.

खरी कसोटी पांचवी आहे, आणि ती चालकाची तशीच प्रवाशाचीही आहे. दूरचा प्रवास झालेला असतो, पैसे भरलेले असतात, खालीं छायाचित्र काढणारे वाट पाहत असतात. आणि नेमका त्याच वेळीं वारा फिरतो. कापडी नळी क्षणांत उलटी होते, क्षणांत लोंबते. चालक कांहीं वेळ पाहतो आणि ‘आज नाहीं’ असें म्हणून पंख गुंडाळूं लागतो. प्रवाशाला राग येतो. पैसे फुकट गेले, सुटी फुकट गेली, असें वाटतें. त्यानें हुज्जत घातली आणि चालकानें लोभानें किंवा संकोचानें ती मानली, तर पुढें जें होईल त्याला दैव म्हणतां यावयाचें नाहीं. हवेंत गेल्यावर वाऱ्याशीं तंटा करतां येत नाहीं. नकार देण्याचें स्वातंत्र्य माणसाला उतारावर, पाय जमिनीवर असेपर्यंतच असतें. डोंगर चढून गेल्यावर तो तसाच उतरून येणें, हेंही या विद्येचेंच एक अंग आहे. चांगल्या शाळांतून तें प्रथम शिकवितात.

लिलियेन्थाल यांनीं उभारलेली ती कृत्रिम टेकडी बर्लिनमध्यें आजही स्मारक म्हणून जतन केलेली आहे. ती १५ मीटरच उंच आहे. मावळांतील एखाद्या पोरानें हंसत चढून जावें एवढी. चोहोंकडून ती सारखी उतरते, कारण वारा जेथून येईल तेथें तोंड करावें लागतें, ही गोष्ट तिच्या कर्त्यानें मान्य केली होती. गच्चीवरून दिसणारी घारही दुसरें कांहीं करीत नाहीं. वारा पडलेला असला, कीं ती एखाद्या झाडाच्या शेंड्यावर पंख मिटून बसते, आणि ऊन तापेपर्यंत वाट पाहते.